संध्याकाळपर्यंत रिपर गजाआड?

गेले काही आठवडे एक फॉरवर्ड फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: व्हिक्टोरिया राणीच्या काळात जाऊन खून शोधणाऱ्या डिटेक्टिव्हच्या कादंबऱ्या म्हणजे शुद्ध फसवणूक. तेव्हाचे पोलीस मठ्ठ, दळणवळण बैलगाडीच्या वेगाचं, फॉरेन्सिकच्या नावानं शून्य. आजचा साधा पीएसआय 1888 च्या लंडनमध्ये सोडला तर ठसे आणि डीएनएच्या जोरावर बायकांचे खून करून कधीच न सापडलेला जॅक द रिपर संध्याकाळपर्यंत गजाआड करेल. शिवाय भविष्यातून आल्यामुळे त्याला उत्तर आधीच माहीत. मग तीनशे पानं वाचायची कशाला?

या कादंबऱ्या मी रात्री जागून वाचतो, तेव्हा माझी बाजू कुठली हे उघड आहे. तरी बोलूच.

आधी ठसे. एकटा ठसा मुका असतो, त्याला जोडीदार लागतो. स्कॉटलंड यार्डात, म्हणजे लंडन पोलिसांच्या मुख्यालयात, स्वतंत्र ठसे विभाग उघडला जुलै 1901 मध्ये, आणि राणी वारली त्याच वर्षीच्या जानेवारीत. म्हणजे आपल्या पीएसआयनं ठसा उचलला तरी तो ताडून बघायला कपाटच नाही. आधी संशयित पकडून आणा, मग त्याची बोटं शाईत बुडवा. बरं, ठसा उचलणार कुठून? रिपरच्या पाच मानल्या गेलेल्या खुनांपैकी चार उघड्यावर झाले, रस्त्यात, अंगणात, चौकात. फरसबंदीवरून बोटांचे ठसे कोण काढणार? आणि काढलेच, तरी कोर्टानं ते मानायला हवेत. ब्रिटनमध्ये ठशांच्या जोरावर खुनाची पहिली शिक्षा झाली 1905 मध्ये.

जाता जाता, या शास्त्राचं एक मूळ आपल्या बाजूला आहे. 1858 मध्ये बंगालमध्ये विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानं राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून खडीच्या करारावर सही नव्हे, अख्ख्या पंजाचा छाप घेतला. पुढे हजारो ठशांतून नेमका एक शोधायचं वर्गीकरण कलकत्त्यात बसवलं अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी. नाव मात्र लागलं त्यांच्या साहेबाचं, एडवर्ड हेन्रीचं: हेन्री पद्धत. आपण ज्याला ‘अंगठाछाप’ म्हणून हिणवतो, त्याच्याच अंगठ्यावर यार्डाचा तो विभाग उभा राहिला.

डीएनएचं फार लांबवत नाही. ती पद्धत 1984 ची. यंत्रं, रसायनं, वीज सगळं पाठीवर बांधून नेलं तरी ‘कुणाशी जुळवू?’ हा प्रश्न तसाच उरतो. रक्ताचं म्हणाल तर ते माणसाचं की जनावराचं, हे खात्रीनं सांगणारी चाचणी आली 1901 मध्ये. रिपरचे खून झाले त्या व्हाइटचॅपल भागात कत्तलखाने होते. रक्तानं माखलेला एप्रन घालून पहाटे घरी निघालेला माणूस तिथे रोजचाच.

‘बैलगाडीचा वेग’ वाचून तर हसूच आलं. 1 जानेवारी 1845 ला स्लाऊजवळ जॉन टॉवेलनं एका बाईला विष दिलं आणि तो लंडनची गाडी पकडून पसार झाला. स्टेशनातून तार गेली. तारयंत्रात ‘क्यू’ अक्षरच नव्हतं, म्हणून त्याच्या क्वेकर (एका ख्रिस्ती पंथाच्या) पोशाखाचं वर्णन वाकड्या स्पेलिंगनं पाठवलं, आणि पॅडिंग्टनला तो उतरला तेव्हा माग काढणारा हजर होता. 1864 मध्ये आगगाडीतला खुनी फ्रान्झ म्यूलर शिडाच्या जहाजानं न्यूयॉर्कला निघाला. इन्स्पेक्टर टॅनर मागून वाफेच्या बोटीनं निघून जवळजवळ तीन आठवडे आधी पोचला आणि धक्क्यावर त्याची वाट बघत बसला.

मठ्ठपणा अजिबात नव्हता असं मी म्हणणार नाही. 30 सप्टेंबर 1888 च्या पहाटे गोलस्टन स्ट्रीटवर खून झालेल्या बाईच्या एप्रनचा रक्ताळलेला तुकडा सापडला, आणि वर भिंतीवर खडूनं लिहिलेला मजकूर. सिटी पोलिसांना त्याचा फोटो हवा होता. पण बाकी लंडनचे पोलीस वेगळे, त्या मेट्रोपोलिटन पोलिसांचे आयुक्त वॉरन यांनी ज्यूंविरुद्ध दंगल उसळेल या भीतीनं उजाडायच्या आत तो पुसायला लावला. पण त्याच मेट्रोपोलिटन पोलिसांनी घरोघर 80,000 पत्रकं वाटून चौकशी केली होती. हे हातावर हात धरून बसणं नव्हे.

राहिला मुद्दा ‘उत्तर आधीच माहीत’ हा. रिपरचं उत्तर आजही कुणाकडे नाही, तेव्हा तो सोडून देऊ. जिथे उत्तर आहे अशी केस घेऊ. जून 1860 च्या अखेरीस विल्टशरमधल्या रोड गावी, केंट कुटुंबातला चार वर्षांचाही नसलेला मुलगा रात्रीत नाहीसा झाला आणि नोकरांच्या संडासात मेलेला सापडला. दोन आठवड्यांनी लंडनहून जोनाथन व्हिचर आला. 1842 मध्ये लंडन पोलिसांची डिटेक्टिव्ह शाखा निघाली तेव्हाच्या आठ जणांतला हा एक. त्यानं ठसे शोधले नाहीत, धुण्याची यादी मागितली. मुलाची सावत्र बहीण, सोळा वर्षांची कॉन्स्टन्स, हिच्या नावावर झोपायचे झगे तीन, घरात होते दोन. त्याचा तर्क असा: रक्ताळलेला झगा तिनं नष्ट केला, आणि मोलकरणीनं कपडे मोजून टोपलीत टाकल्यावर गुपचूप दुसरा एक परत काढून घेतला, म्हणजे कमी पडलेल्या झग्याचं खापर धोबिणीवर फुटावं. काय डोकं आहे बघा, तिचंही आणि त्याचंही.

पण झगा काही मिळाला नाही. कॉन्स्टन्स सुटली. भल्या घरच्या पोरीवर चिखल उडवला म्हणून व्हिचरवर सगळा देश तुटून पडला, आणि 1864 मध्ये तो नोकरीतून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी कॉन्स्टन्सनं स्वतः गुन्हा कबूल केला.

त्याहून कडू भाग पुढे आहे. मोरीतल्या बंबाच्या आगटीत रक्ताचे डाग पडलेला एक आतला झगा स्थानिक पोलिसांना खून उघडकीस आल्याच्याच दिवशी सापडला होता. त्यांनी तो हरवला आणि ही गोष्ट व्हिचरपासून दडवून ठेवली.

आता तुमचा पीएसआय तिथे सोडा. व्हिचरच्या शेजारी उतरवून उपयोग नाही, कारण दोघांनाही उत्तर माहीत आणि दोघांचेही हात रिकामे. त्याला 30 जूनला, आगटीतला तो झगा गायब व्हायच्या आत पोचावं लागेल. पहाटे, ओळखदेख नसताना, विचित्र कपड्यांत, ज्या घरातलं मूल नुकतंच नाहीसं झालंय त्या घराच्या मोरीपाशी. गावानं पहिल्यांदा त्यालाच धरलं असतं.