छोट्या दुकानाची जाहिरात आणि तिचे मोजमाप : एका आक्षेपाला उत्तर

आपल्या सविस्तर प्रतिक्रियेबद्दल प्रथम मनापासून आभार. दुकानाच्या गल्ल्यावर स्वतः बसणाऱ्या माणसाने ती लिहिली आहे हे वाक्यावाक्यातून जाणवते, म्हणूनच तिला दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. छोट्या दुकानदाराने जाहिरातीचा प्रत्येक खर्च तपासून पाहावा आणि ज्याचा उपयोग दिसत नाही तो थांबवावा, असे मी मागच्या लेखात लिहिले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, तालुक्याच्या गावातील दुकानात महिन्याला जेमतेम शंभर-दीडशे खरेद्या होतात आणि एवढ्या लहान आकड्यांत जाहिरातीचा परिणाम व नेहमीचा चढउतार वेगवेगळा काढणे अशक्य आहे. ‘आमच्याविषयी कुठून कळले?’ या प्रश्नाला गिऱ्हाईक तोंडाला येईल ते उत्तर देते. आणि मोजण्याचा आग्रह धरला की दुकानदार शेवटी मोबाइलवरील जाहिरातींकडे वळतो, कारण आकडे तिथेच आयते मिळतात, तर वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या फलकाने कमावलेली ओळख हिशेबाबाहेर राहते.

यातील लहान आकड्यांचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, आणि त्याच्या बाजूने आपण मांडला त्याहूनही मोठा पुरावा उपलब्ध आहे. रँडल लुईस आणि जस्टिन राव या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ साली अमेरिकेतील मोठ्या किरकोळ विक्रेत्यांच्या व दलाली कंपन्यांच्या २५ प्रयोगांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील बहुतेक प्रयोग लाखो ग्राहकांवर झाले होते आणि कोणाला जाहिरात दाखवायची व कोणाला नाही हे चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरवले होते. तरीही जाहिरात नफ्यात गेली की तोट्यात, हे अनेक प्रयोगांतून खात्रीने सांगता आले नाही. एका माणसाची खरेदी मुळातच इतकी अनिश्चित असते की माणशी काही पैशांच्या जाहिरातीने पडलेला फरक त्या गोंधळात बुडून जातो. लाखो ग्राहकांची नोंद हाताशी असणाऱ्यांची ही अवस्था असेल, तर दीडशे गिऱ्हाइकांच्या दुकानाने काय करावे, असा आपला प्रश्न आहे.

माझे उत्तर असे की दोघांचा प्रश्न एक नाही. मोठ्या कंपनीची जाहिरात असंख्य लोकांवर पातळ पसरलेली असते आणि तिला प्रत्येकाकडून अगदी थोडी वाढ हवी असते. छोट्या दुकानाची जाहिरात ठरावीक वस्तीत आणि ठरावीक दिवसांत पडते, आणि खर्च भरून निघायला गिऱ्हाइकांच्या संख्येत तिथे बरीच मोठी वाढ व्हावी लागते. ‘जाहिरातीने नेमके किती दिले’ हे छोट्या दुकानदाराला बहुधा कधीच कळणार नाही. ‘हा खर्च भरून निघायला जेवढी गिऱ्हाइके जास्तीची यायला हवी होती, तेवढी आली असणे शक्य आहे का’ हे मात्र त्याला कळू शकते, आणि पुढचा खर्च करायचा की नाही हे ठरवायला तेवढे पुरते.

चष्म्याच्या दुकानाचे उदाहरण घेतो. आकडे केवळ समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा पत्रके छापून ती वर्तमानपत्रातून घरोघरी टाकण्याचा सगळा खर्च ८,००० रुपये झाला आणि एका चष्म्यामागे फ्रेम व काचांची खरेदी वजा जाता ६०० रुपये सुटतात. म्हणजे खर्च निघायला जास्तीची १४ गिऱ्हाइके हवीत. दुकानात महिन्याला सरासरी १५० चष्मे जातात. गिऱ्हाइके एकमेकांशी संबंध नसताना आपापल्या कारणाने येतात तेव्हा त्यांच्या संख्येतला नेहमीचा चढउतार त्या संख्येच्या वर्गमुळाएवढा असतो, हा संख्याशास्त्राचा ढोबळ नियम आहे. १५० चे वर्गमूळ सुमारे १२. एखाद्या महिन्यात १६४ चष्मे गेले तर ती पत्रकाची करामत की नुसता योग, हे महिन्याच्या एकूण खपावरून सांगता येणार नाही. इथपर्यंत आपले म्हणणे अक्षरशः खरे आहे.

पण ती पत्रके तीनच वसाहतींत पडली होती आणि पत्रकाचा परिणाम समजा फार तर दहा दिवस टिकतो. चष्मेवाल्याच्या वहीत डोळ्याच्या नंबरासोबत नाव, फोन आणि पत्ता आधीपासूनच लिहिलेला असतो. त्या तीन वसाहतींतून एरवी दहा दिवसांत समजा १५ गिऱ्हाइके येत असतील, तर त्यांचा नेहमीचा चढउतार चारएक गिऱ्हाइकांचा होईल. त्याच्या दुप्पट फरक योगायोगाने पडला असे धरले तरी आकडा २३ च्या पुढे सहसा जाणार नाही. खर्च निघण्यासाठी मात्र तो १५ वरून २९ वर जायला हवा. २९ आणि १५ यांतला फरक वही उघडल्यावर कोणालाही दिसेल. मोजण्याची जागा आणि मुदत आपण जितकी आवळतो, तितका नेहमीचा चढउतार लहान होत जातो, हवी असलेली १४ गिऱ्हाइके मात्र तेवढीच राहतात. जास्तीचा खर्च काहीच नाही. मागच्या दोन-तीन हंगामांची वही घेऊन तासभर बसावे लागते.

ही तपासणी आणखी पक्की करायची असेल तर वर्तमानपत्र विक्रेत्याशी बोलावे. त्याच्याकडे पेपर टाकणाऱ्या प्रत्येक मुलाची लाइन, म्हणजे घरांची रांग, ठरलेली असते. अर्ध्या लाइन चिठ्ठी टाकून निवडाव्यात, पत्रके फक्त त्यांतच टाकावीत आणि पुढच्या खेपेला उरलेल्या अर्ध्यांत टाकावीत. चिठ्ठीचा आग्रह यासाठी, की निवड स्वतःवर सोडली तर दुकानदार पैसेवाल्या वसाहती निवडतो आणि मग तिथून जास्त गिऱ्हाईक आले याचे श्रेय पत्रकाला देऊन बसतो.

मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करण्याची जी पद्धत सर्वत्र आढळते, तिच्याबद्दल मला अधिक काळजी वाटते. आपल्याकडची खरेदी तिथीवर चालते आणि हिशेब इंग्रजी महिन्यांवर होतो. २०२२ साली दसरा ५ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होते. पितृपक्ष सप्टेंबरमध्येच आटोपला होता. २०२३ साली अधिक श्रावण आला, त्यामुळे ऑक्टोबरचा जवळजवळ पहिला पंधरवडा पितृपक्षात गेला, दसरा २४ ऑक्टोबरला आला आणि लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरपर्यंत पुढे गेले. कापड, भांडी किंवा सोन्याच्या ज्या दुकानदाराने २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जाहिरात करून गल्ला २०२२ च्या ऑक्टोबरशी ताडून पाहिला असेल, त्याला चांगली जाहिरातही वाया गेल्यासारखी दिसली असेल. आणि नोव्हेंबरमध्ये जाहिरात करणाऱ्याला अगदी निरुपयोगी जाहिरातही फळल्यासारखी वाटली असेल. तुलना करायचीच तर घटस्थापनेपासून लक्ष्मीपूजनापर्यंतचा काळ दोन्ही वर्षी घ्यावा. त्याहून चांगले म्हणजे त्याच दिवसांत जाहिरात पडलेल्या आणि न पडलेल्या वसाहतींची तुलना करावी, कारण सण, पाऊस आणि शेतमालाचा भाव दोन्हीकडे सारखाच असतो.

गिऱ्हाईक विचारल्यावर खरे सांगत नाही, हेही मला मान्य आहे. लबाडी त्यात नसते. कोणत्या दिवशी काय पाहून आपण या दुकानाकडे वळलो हे माणसाला खरोखरच आठवत नाही, आणि दारावर मोठा फलक असला की तो ‘फलक पाहिला’ म्हणून मोकळा होतो. यावर एक साधा उपाय आहे. विचारताना जे पर्याय पुढे ठेवायचे त्यांत एक असा ठेवावा की जी जाहिरात आपण कधी केलेलीच नाही, उदाहरणार्थ रेडिओ. शंभरांतल्या आठ जणांनी रेडिओ सांगितला, तर इतर पर्यायांच्या उत्तरांतही एवढी भर पोकळ असू शकते असे धरून चालावे. मग ज्या माध्यमाला नऊ-दहा मते मिळाली त्याला जवळजवळ शून्य समजावे आणि ज्याला चाळीस मिळाली त्याची दखल घ्यावी. उत्तरांतली चूक अशा रीतीने दूर होत नाही, पण तिचा अंदाज येतो.

मोबाइलवरील जाहिरातींविषयी आपल्याला जी भीती वाटते ती मलाही वाटते, आणि माझा लेख वाचून कोणी क्लिकच्या आकड्यांमागे धावू लागला तर मला वाईट वाटेल. इंटरनेटवर खरेदी-विक्री चालवणाऱ्या ईबे या कंपनीने २०१२ साली अमेरिकेत दोन सर्च इंजिनांवर स्वतःच्याच नावावरील जाहिराती बंद करून पाहिल्या. थॉमस ब्लेक, क्रिस नॉस्को आणि स्टीव्ह टाडेलिस यांनी त्या प्रयोगाचा अभ्यास केला, तेव्हा बंद जाहिरातींवरून येणाऱ्या क्लिकपैकी जवळजवळ सर्व, ९९.५ टक्के, त्याखालच्या फुकटच्या दुव्यावरून कंपनीकडे परत आल्याचे आढळले. जी माणसे दुकानाचे नाव टाकून शोधत होती, ती येणारच होती. आपल्या गावातील दुकानदार स्वतःच्या नावावर जाहिरात लावतो, पडद्यावर ‘इतके फोन आले’ हा आकडा पाहतो आणि समाधान मानतो, तेव्हा त्यातले बरेचसे फोन जुन्याच गिऱ्हाइकांचे असण्याचा संभव असतो. ते ओळखायला आलेला नंबर वहीत आधीपासून आहे का, एवढे पाहिले तरी पुरे.

त्याच वेळी क्लिकचा आकडा उलट बाजूनेही फसवतो. याहू या इंटरनेट कंपनीने २००७ साली एका मोठ्या विक्रेत्याच्या १६ लाख ग्राहकांवर केलेल्या प्रयोगात जाहिरातीमुळे वाढलेल्या विक्रीतली ९३ टक्के विक्री प्रत्यक्ष दुकानांत झाली होती, आणि तिचा मोठा भाग जाहिरातीवर एकदाही क्लिक न केलेल्या लोकांकडून आला होता. म्हणून जाहिरात विकणारी कंपनी जो आकडा दाखवते तो कमी धरावा की जास्त, हे त्या आकड्यावरून कळतच नाही. तो बाजूला ठेवावा आणि मोबाइलवरील जाहिरातीलाही पत्रकाचीच परीक्षा लावावी: काही आठवडे चालू, काही आठवडे बंद, तेही आधी चिठ्ठीने ठरवून, आणि निर्णय आपल्या वहीवरून. खर्च मांडताना कराचाही विसर पडू देऊ नये. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही, तेव्हा या जाहिरातींवरचा १८ टक्के जीएसटी हा त्याच्यासाठी पूर्ण खर्चच असतो, आणि भरून काढायच्या गिऱ्हाइकांची संख्याही तितक्याच प्रमाणात वाढते.

गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका, शाळेचे संमेलन, गावच्या कुस्त्या यांना दिलेले पैसे मोजू नयेत, हे आपले म्हणणे मला पूर्णपणे पटते. ती वर्गणी आहे. तिच्या मोबदल्यात पानभर जाहिरात छापली जाते म्हणून ती जाहिरातीच्या खात्यात लिहू नये, एवढेच मी सुचवेन. नाहीतर वर्षाअखेरीस जाहिरातीचा खर्च फुगलेला दिसतो आणि कात्री भलतीकडेच चालते.

राहिला आपला फलक. एसटी स्थानकाच्या रस्त्यावरील फलकाने वर्षानुवर्षे दिलेली ओळख आकड्यांत कशी बसवायची, असे आपण विचारले आहे. ओळखीचे मोल मी नाकारत नाही. पण ती ओळख कधीतरी कोणाच्या तरी पावलांनी दुकानात यायला हवी, आणि ती पावले वहीत उमटतात. समजा फलकाचे भाडे महिन्याला ४,००० रुपये आहे. त्या रस्त्याने येणाऱ्या गावांतली नवी गिऱ्हाइके महिन्याला पाचच असतील, तर ती सगळीच्या सगळी फलकामुळे आली असे मानले तरी ६०० रुपयांच्या हिशेबाने ३,००० रुपयेच सुटतात. इथे प्रयोगाचीही गरज पडत नाही, कारण फलकाला मिळू शकणारे जास्तीत जास्त श्रेय देऊनही भाडे निघत नाही.

आता आपण म्हणाल, आणि बरोबरच म्हणाल, की एकदा आलेले गिऱ्हाईक पुन्हा येते आणि घरच्यांनाही आणते. ते हिशेबात अवश्य धरावे. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा आलेली पन्नास नावे वहीतून काढावीत, त्यांतले किती परत आले आणि त्यांच्या पत्त्यावरून आणखी किती चष्मे गेले ते पाहावे, आणि एका नव्या गिऱ्हाइकामागे आजवर एकूण किती सुटले तो आकडा ६०० च्या जागी घालावा. तो १,००० निघाला तर महिन्याला चार गिऱ्हाइके पुरतात आणि पाच येत असताना फलक निदान विचाराच्या कक्षेत येतो. दीर्घकाळच्या नावलौकिकाचे मोल हिशेबात आणण्याचा मार्ग हाच आहे. फलक भाड्याने देणारा ज्या लौकिकाचा दाखला देतो, त्याला मात्र असा कोणताच आकडा जोडलेला नसतो.

त्यानंतरही शंका राहिली, तर फलकाचा करार संपेल तेव्हा तो लगेच न वाढवता तीन-चार महिने जागा सोडून द्यावी, शक्यतो सणांचे आणि जूनमध्ये शाळा उघडण्याचे दिवस टाळून. त्या काळात स्थानकाच्या रस्त्यावरील गावांतून येणारी नवी गिऱ्हाइके किती कमी झाली ते पाहावे, आणि गावाच्या दुसऱ्या बाजूने, म्हणजे तो फलक ज्यांच्या वाटेवर कधीच नव्हता त्या गावांतून येणाऱ्यांचे काय झाले तेही पाहावे. दोन्हीकडची घट सारखीच असेल तर तिचे कारण फलक नव्हता. स्थानकाकडची घट स्पष्टपणे जास्त असेल, तर फलक पुन्हा लावावा आणि भाड्याची बोलणी करताना किती रुपयांपर्यंत जायचे हे आपल्याला आधीच ठाऊक असेल. जागा दुसऱ्या कोणी घेतली तर, ही आपली धास्ती मी समजू शकतो. म्हणूनच करार संपण्याच्या महिनाभर आधी मालकाशी बोलून, थोडे पैसे देऊन जागा राखून ठेवता येते का, हे विचारून घ्यावे.