नासा आणि नानाकाका

एखाद्याने बी.एस्सी.ला फिजिक्स घेतलं होतं, हे नातेवाईक कधी विसरत नाहीत. पुढे तो जन्मभर बँकेत कर्जाच्या फायली चाळतोय, हे मात्र सोयीस्कर विसरतात. त्यामुळे आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंतराळखातं माझ्याकडे आहे. खातं नावालाच, कारण ऐकत कोणीच नाही.

बहुतेक माल नानाकाकांकडून येतो. नानाकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, आणि संशय घेण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या डोंबिवलीत नसेल. भाजीवाल्याने मोजून दिलेली भेंडी ते शेजारच्या वाण्याकडे पुन्हा तोलून बघतात. पण मेसेजखाली 'नासाने दुजोरा दिला आहे' एवढी ओळ असली, की काकांचा तराजू बंद.

श्रावणात सत्यनारायणाच्या आमंत्रणांच्या जोडीने मंगळाचं आमंत्रण येतं. '27 ऑगस्टच्या रात्री आकाशात दोन चंद्र! मंगळ चंद्राएवढा दिसणार! आज हयात असलेल्या कोणालाही हे दृश्य पुन्हा दिसणार नाही!' हे पुन्हा न दिसणारं दृश्य दरवर्षी कसं येतं, असं मी विचारलं.

"म्हणून तर चुकवू नये," काका म्हणाले.

मुळात बातमी खोटी नव्हती. 27 ऑगस्ट 2003 ला मंगळ पृथ्वीपासून 5 कोटी 58 लाख किलोमीटरवर आला होता. इतका जवळ तो जवळपास 60 हजार वर्षांत आला नव्हता. तेव्हा फिरलेल्या ईमेलमध्ये म्हटलं होतं, की दुर्बिणीतून 75 पट मोठा केलेला मंगळ नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या पौर्णिमेच्या चंद्राएवढा भासेल. ईमेल पुढे जाता जाता आधी दुर्बीण गळाली, मग 75 गळाले. उरले मंगळ आणि चंद्र. आनंदीबाईंना 'ध'चा 'मा' करायला निदान लेखणी तरी उचलावी लागली होती.

एका वर्षी मी चिडून हिशेबच मांडला. मंगळ चंद्राच्या जवळपास दुप्पट रुंद आहे. तो चंद्राएवढा दिसायचा, तर साडेसात लाख किलोमीटरवर यायला हवा. वजनाने तो चंद्राच्या जवळजवळ नऊपट. तेवढ्या अंतरावरून तो समुद्राला चंद्राहून थोडी जास्तच भरती आणेल, आणि दोघं एका रेषेत आले तर मग बघायलाच नको.

"ऑगस्टचा पाऊस, त्यात भरती दुप्पट. हिंदमाताला काय होईल, विचार करा काका!"

काकांनी विचार केला. पुढच्या वर्षीच्या मेसेजमध्ये एक ओळ वाढली होती : 'दादर-परळच्या लोकांनी विशेष काळजी घ्यावी.'

दिवाळीचं खातं आत्याकडे. 'दिवाळीच्या रात्री अवकाशातून दिसणारा भारत, नासाचा फोटो' ती वसुबारसेलाच पाठवते, म्हणजे दिवाळीची रात्र उजाडायच्याही आधी. त्या चित्रातले रंग म्हणजे आकाशकंदील नव्हेत. अमेरिकेच्या हवामान उपग्रहांनी वेगवेगळ्या वर्षी टिपलेला उजेड त्यात एकावर एक ठेवलाय. 1992 च्या आधीपासूनचे दिवे पांढरे, त्या वर्षी दिसू लागलेले निळे, 1998 चे हिरवे आणि 2003 चे लाल. हे सगळं सांगितल्यावर आत्याने विचारलं, "मग आमचं कोथरूड लाल की हिरवं?"

नासाने 2012 मध्ये दिवाळीच्या सुमाराचा खराखुरा फोटो प्रसिद्ध केला होता. सणामुळे वाढणारा उजेड इतका थोडा असतो, की अवकाशातून तो बहुधा जाणवतही नाही, असं सोबत लिहिलंही होतं. एकदाचा नासाचा खरा दुजोरा हाती लागला म्हणून मी तो उत्साहाने ग्रुपवर टाकला.

"त्यांना काय कळतंय दिवाळीतलं!" आत्या म्हणाली.

टीव्हीबद्दल फार बोलत नाही. रक्तदाब वाढतो. 29 एप्रिल 2020 ला एक लघुग्रह पृथ्वीपासून 63 लाख किलोमीटरवरून गेला, म्हणजे चंद्राच्या सोळापट लांबून. पडद्यावर मात्र तो दर दहा मिनिटांनी पृथ्वीवर आदळत होता, तोही कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात. वाटेत हवाच नाही, तर आवाज येणार कुठून? काकूची तक्रार वेगळीच होती. "सगळ्यांना घरात बसवलंय, मग हा मेला कशाला फिरतोय?"

पण काकूचं खरं संशोधन मुसळावर आहे. 26 डिसेंबर 2019 च्या सूर्यग्रहणात तिने परातीत पाणी घेतलं आणि हळदकुंकू वाहून त्यात मुसळ उभं केलं. उभं राहिलं! ग्रहण असेपर्यंतच ते उभं राहतं म्हणे. व्हिडिओ काढून तो सुरतेच्या चुलतबहिणीपर्यंत पोचवला. बूड सपाट असलं आणि हात न कापता ठेवलं, तर मुसळ कोणत्याही दिवशी उभं राहतं. म्हणून पुढच्या रविवारी मी तीच परात आणि तेच मुसळ मागून घेतलं आणि सगळ्यांदेखत उभं करून दाखवलं.

काकू क्षणभर गप्प झाली. मग घाबरून काकांना म्हणाली, "अहो, ग्रहण अजून पुरतं सुटलं नाहीये."

त्या रविवारी मला 2018 ची गच्ची आठवायला हवी होती. नुसतं बोलून भागत नाही, प्रत्यक्ष दाखवलं पाहिजे, ही हौस मी तेव्हाच भागवून घेतली होती. 27 जुलैच्या रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. मंगळही जवळ आलेला, पावणेसहा कोटी किलोमीटरच्या आसपास, आणि आकाशात नेमका चंद्राच्या शेजारी. मित्राची दुर्बीण आणली. आषाढाचे ढग, हातात छत्र्या, सोसायटीतली निम्मी मंडळी जागी. मध्यरात्र उलटल्यावर ढग थोडे फाटले. लाल झालेला चंद्र, आणि थोडा बाजूला तांबूस मंगळ. मी हरखलो. रांगेतल्या पहिल्या गृहस्थांनी दुर्बिणीला डोळा लावला.

"एवढासाच?"

मंगळावर तेव्हा ग्रहभर धुळीचं वादळ चालू होतं, त्यामुळे तपशील दिसत नव्हता. मी तसं सांगितलं. "म्हणजे तिथेही रस्त्याची कामं निघालीत," म्हणून ते झोपायला गेले. नानाकाका मात्र शेवटपर्यंत थांबले. शंका विचारल्या, मान डोलावली, वहीत काहीतरी टिपूनही घेतलं. मला भरून आलं.

सकाळी ग्रुपवर मेसेज होता : 'काल रात्री डोंबिवलीत दोन लाल चंद्र दिसले. नासाने व माझ्या पुतण्याने दुजोरा दिला आहे. पुतण्या फिजिक्सचा आहे.'