खोलून बघू की!

ओव्हनचा बर्नर धूर सोडायला लागला की आधी पाव काळे पडतात, मग मिस्त्रीचं तोंड, आणि सगळ्यात शेवटी, खर्चाचा आकडा कळल्यावर, आमचे अण्णा.

लातूरात आमची छोटी बेकरी आहे, ओव्हन डिझेलवरचा. त्या बर्नरला मोटरच्या पुढं मुठीएवढा एक पंप असतो. मिनिटाला 2800 च्या आसपास फेरे घेत तो टाकीतलं डिझेल ओढतो आणि दहा-बारा बारच्या प्रेशरनं नोझलला देतो, म्हणजे कारच्या टायरात हवा असते त्याच्या पाचपट धरा. आतले गिअर इतक्या चोख मापाचे की फट जराशी जरी वाढली तरी प्रेशर बसतं, मग फवाऱ्याच्या जागी पिचकारी उडते नि डिझेल जळायचं सोडून धुमसत बसतं. शिवाय ह्या पंपाला वेगळं ऑइल-ग्रीस नाही, जे डिझेल ओढतो त्याच्यावरच त्याचं भागतं, त्यात टाकीच्या तळाचं पाणी नि गाळ आला की गिअर खाल्लेच म्हणून समजा. आमच्या टाकीचा तळ अण्णांच्या मते "साफच हाय".

आता नवीन पंप घ्यावा हे कुणीही सांगेल, पण आमच्या घरात दुरुस्त न करता वस्तू नवी आणणं म्हणजे घराण्याला बट्टा. त्यात आमच्या लातूरच्या गंजगोलाई चौकात 16 रस्ते येऊन मिळतात आणि प्रत्येक रस्त्यावर अण्णांच्या ओळखीचा एकतरी माणूस बसलेला असतो, जो म्हणतो, "काहून नवा घेता, खोलून बघू की!"

दाजींचं तर विचारूच नका. बोअरची मोटर रिवाइंड करून करून त्यांना वाटायला लागलंय की जगात सगळंच रिवाइंड होतं. "पंप तो पंपच की ओ, घ्या भरून." काय भरून, दाजी? ह्यात वायर कुठाय?

मी म्हणलं आधी पंपच गेलाय का ते तरी बघा. सक्शनला, म्हणजे पंप डिझेल ओढतो त्या बाजूला, पारदर्शक नळी लावली, बुडबुडे दिसले असते तर कुठंतरी हवा ओढतोय हे कळलं असतं, आणि पन्नास रुपयांच्या वॉशरवर भागलं असतं. बुडबुडे नाहीत. मोटर नि पंप जोडणारं कपलिंग बघितलं, प्लास्टिकचं असतं, ते घासलं की मोटर फिरते नि पंप आरामात बसतो. तेही धडधाकट. नोझल नवं टाकलं, जाळी धुतली, मग प्रेशरचा गेज लावला तर काटा पाच बारच्या वर चढंना.

मिस्त्रीनं मग पंप खोललाच. परवाच्या पेपरावर, बरोबर राशिभविष्याच्या जागी गिअर मांडले. मोबाईलच्या उजेडात आतल्या पत्तीवर गोल गोल चरे चमकत होते, नख फिरवलं तर नख अडकलं. "काचेवर एमरी पेपर ठेवून घासून देतो," मिस्त्री म्हणाला. अहो पत्ती घासाल, पण दात झिजलेत त्याचं काय? तर म्हणे प्रेशरचा स्क्रू जरासा पिळू. ते पिळणं मला माहितीय, दोन दिवस काटा वर राहतो आणि ऐन लग्नसराईत पहाटे चारला खाली येतो, तेव्हा मिस्त्रीचा फोन बंद असतो.

माझं सरळ म्हणणं आहे, शाफ्टचं सील गळतंय, जाळी तुंबलीय, तर करा दुरुस्त, खुशाल करा. पण गिअर झिजला की त्या पंपात पैसा घालू नका, जेवढं डिझेल धुरात जातं तेवढ्यात नवा येतो. हे मी अण्णांना सांगितलं, दाजींना सांगितलं, चहावाल्याला पण सांगितलं कारण तोही मत देत होता.

शेवटी एका सकाळी ट्रे भरून पाव परत आले तेव्हा अण्णा उठले नि माझ्यासंगं दुकानात आले. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "पंप कुठल्या अंगानं फिरतो, उजव्या का डाव्या? तसाच द्यावा लागतो." मी मोबाईलमधला फोटो शोधायलो, तेवढ्यात अण्णा म्हणाले, "दोन्हीकडं फिरंल असा दे बाबा, एकीकडनं झिजला तर उलटा लावता यील."