मडगावकरांना उत्तर: समुद्र दारात असताना मीठ विकत का घ्यायचं

मडगावकर (तुम्ही नाव लिहिलं नाहीये, गावच लिहिलंय, म्हणून हेच म्हणतो), खरं तर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळा होणार होतो, पण तुम्ही जे विचारलंय ते बरेच जण विचारतात म्हणून जरा लांब लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की गोव्यात राहून मासे पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी पाकिटातलं मीठ आणि आरओचं पाणी घ्या हे माझं म्हणणं म्हणजे पैसेवाल्यांची थेरं आहेत, पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर जाऊन चार कॅन भरून आणावेत, ते नको तर आगरवाड्याच्या मिठागराचं मीठ आहेच, ते काय समुद्राचं नाही का, आणि महिनाभर टाकी बिनमाशांची चालवा हे तर हद्दच झाली, दुकानदार तिसऱ्या दिवशी मासे सोडा म्हणतो.

मिठापासूनच सुरू करतो, कारण तुमचा हाच मुद्दा सगळ्यात पटण्यासारखा वाटतो आणि गोम पण तिथेच आहे. मिठागरात समुद्राचं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात घेत घेत आटवतात, पण त्यातले सगळे क्षार काही एकदम खाली बसत नाहीत. पाणी साधारण निम्मं आटलं की आधी कॅल्शियम कार्बोनेट बसायला लागतं, पाचवा हिस्सा उरला की जिप्सम, म्हणजे परत कॅल्शियमच गेलं, आणि दहावा हिस्सा उरतो तेव्हा कुठे आपलं जेवणातलं मीठ दाणे धरतं. मॅग्नेशियम, पोटॅशियम बहुतेक सगळं त्या उरलेल्या कडू पाण्यात राहतं, आणि मीठ कडू होऊ नये म्हणून ते पाणी मिठात राहू द्यायचं नसतं. म्हणजे मीठ खायला जेवढं चांगलं तेवढं टाकीला बिनकामाचं. समुद्राच्या एका लिटरमध्ये मॅग्नेशियम १३०० मिलिग्रॅमच्या आसपास असतं, कॅल्शियम ४१० च्या आणि पोटॅशियम ४०० च्या जरा खाली. पाकिटातल्या सॉल्ट मिक्समध्ये हे सगळं मोजून परत घातलेलं असतं, शिवाय पीएच धरून ठेवायला कार्बोनेट. मिठागराचं मीठ विरघळवून रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं यंत्र) ३५, म्हणजे समुद्राएवढा हजारी ३५ भाग खारटपणा, दिसेल हो, पण त्याला फक्त खारटपणा कळतो, कशाचा खारटपणा ते नाही कळत. आगरवाड्याचं मीठ लोणच्यात घाला, आमच्याकडेही तेच असतं.

आणि खर्च केवढा म्हणता? लिटरला ३५ ते ३८ ग्रॅम धरा. ६० लिटरच्या टाकीला सव्वादोन किलोच्या आतबाहेर, पुढे आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर दर वेळी सव्वादोनशे ग्रॅम. मडगावहून मिरामारला कॅन घेऊन जायचं-यायचं पेट्रोल एकदा काढून बघा.

आता मिरामार. समुद्राच्या पाण्याला माझा विरोध नाही, किनाऱ्यावरच्या हॅचऱ्या (मासे-कोळंबीची पिल्लं काढतात त्या) तेच वापरतात, पण त्या ते गाळतात, ब्लीचिंग पावडर घालून जंतू मारतात, मग थायोसल्फेट घालून क्लोरीन घालवतात आणि तपासून मगच आत घेतात. तुम्ही कॅन भरणार कुठे तर मिरामारला, म्हणजे मांडवी नदीच्या तोंडावर. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळपास सगळा चार महिन्यांत, आणि तो घाटापासून सगळा ह्या नद्यांतून खाली येतो. जुलैत तिथलं वरचं पाणी ३५ च्या जवळपाससुद्धा नसतं, जानेवारीत असतं. तिथले मासे-खेकडे ते सोसतात किंवा खोल पाण्यात सरकतात, तुमचा क्लाउनफिश (तो नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा छोटा मासा) दोन फुटांच्या काचेत सरकून सरकून जाणार कुठे? शिवाय मे महिन्यात किनाऱ्यावर डांबराचे गोळे येतात ते तर चालताना पायाला लागलेच असतील. तुम्ही लिहिलंय की ट्रॉलरवाला मित्र खोल समुद्रातलं आणून देईल. देईल की, जानेवारी-फेब्रुवारीत देईल, आणि ते पाणी चांगलंही असेल, पण १ जून ते ३१ जुलै बंदी असते, तेव्हा दर आठवड्याचं पाणी कोण आणणार? की तेव्हा पाकिटातलं आणि बाकी वर्षभर समुद्राचं, म्हणजे नवशिक्याच्या टाकीत दर थोड्या दिवसांनी वेगळं पाणी. नवीन माणसाला रोज तेच ते पाणी मिळालं तर कुठे काय बिघडलं ते शोधता तरी येतं.

आरओबद्दल एकच गोष्ट, कारण ती कोणी सांगत नाही. घरातल्या पिण्याच्या आरओत बहुतेक वेळा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर असतो, तो चवीसाठी न गाळलेलं पाणी परत थोडं मिसळतो. मेकॅनिकला सांगून तो बंद करा आणि टीडीएस मीटरने बघा, दहाच्या आत आलं तर तेच पाणी चालतं, वेगळं मशीन नको.

तिसऱ्या दिवशी मासे. दुकानदार पाणी स्वच्छ दिसलं की म्हणतो झालं, पण पाणी स्वच्छ दिसणं आणि टाकी तयार होणं ह्याचा काही संबंध नाही. मासा अमोनिया टाकतो, एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात, आणि हे जिवाणू हळू वाढतात म्हणून चार ते सहा आठवडे. तुम्ही म्हणता गोल्डफिश कधी महिनाभर थांबून सोडले नाहीत तरी जगले. जगले असतील, कारण तिथे पीएच सातच्या आसपास असतो. पीएच एका अंकाने चढला की अमोनियाचा विषारी भाग साधारण दहापट होतो आणि खाऱ्या टाकीचा पीएच आठच्या वर असतो. तोच अमोनिया, तेवढाच, पण इथे मारतो. तेव्हा आधी एक सुंगट (कोळंबी) टाका, सोललेलं नको, तसंच, मीठ-मसाला न लावलेलं (सांगावं लागतं बाबा). ते कुजतं, अमोनिया चढतो, मग उतरतो, मग नायट्राइट चढतो आणि उतरतो. दोन्ही शून्य दिसले की बरंचसं पाणी बदलून मासा. काही जण डॅमसेल जातीचा छोटा समुद्री मासा सोडून टाकी तयार करून घ्या म्हणतात, ते मला पटत नाही. बिचारा मासा तेवढे दिवस भाजून निघतो, आणि जगलाच तर टाकी आपल्या बापाची समजून नंतर येणाऱ्या प्रत्येकाला चावतो. अंजुण्याच्या खडकातल्या डबक्यांत मिळणारे ते पट्टेवाले छोटे मासेही त्याच खानदानातले, वीतभर होतात, ते तिथेच राहू द्या.

आणि ग्रांदी बेटावरून लाइव्ह रॉक (समुद्रातला जिवाणू-जीव बसलेला दगड) किंवा कोरलचा तुकडा आणून देणारा कोणी भेटला तर नाही म्हणा. पोवळी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, त्यात गंमत नाही. कोरडा दगड किंवा सिरॅमिकचा घ्या, जिवाणूंना बसायला जागा लागते, तेवढंच.

पैशाच्या बाबतीत तुमचं एक मात्र पटतं, नवीन माणसाला दुकानात नको ते खूप गळ्यात मारतात. ६० ते ८० लिटरच्या टाकीत दोन क्लाउनफिश ठेवणार असाल आणि दर आठवड्याला पाणी बदलणार असाल तर प्रोटीन स्किमर (पाण्यातली घाण फेसातून काढणारं यंत्र) लागत नाही. पाणी थंड करणारा चिलरपण लगेच नको. एप्रिल-मेमध्ये घरात ३२ असतं तेव्हा पाण्यावर छोटा फॅन लावला की दोन-तीन अंश उतरतात, पावसाळ्यात हवाच ओली असल्याने फॅन फारसं काही करत नाही पण तेव्हा गरजही कमी असते. फॅनने पाणी उडतं ते मात्र रोज साध्या आरओने भरायचं, खाऱ्याने नाही, मीठ तर आतच राहतं ना. म्हणूनच २० लिटरची गोंडस टाकी घेऊ नका, तिथे एक लिटर उडालं की ३५ चं जवळपास ३७ होतं, ८० मध्ये साडेपस्तीससुद्धा होत नाही. स्किमरचे वाचलेले पैसे बॅटरीवर चालणाऱ्या एअर पंपात घाला, पहिल्या वादळात लाइट गेली की कळेल कशाला.

टेस्ट किट अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट असं तिन्हीचं घ्या, आणि घेताना बाटलीवरची तारीख दुकानातच वाचा. मला एकदा मुदत संपून गेलेलं किट देत होते, वर सांगत होते की चालतं.