गाडीखाली आधी झोपा असं का म्हणालो

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली, राग आलाय ते कळतंय आणि तो सगळाच चुकीचा नाहीये. तुमचं म्हणणं असं की जुनी फोर व्हील ड्राइव्ह कॅम्पर व्हॅन घेताना आधी गाडीखाली झोपा आणि आतलं फर्निचर शेवटी बघा असं मी लिहिल्यामुळे, सुट्ट्या घालवून गाडी बनवणाऱ्याची मेहनत मातीत जाते, आणि आता तुम्ही स्वतःची विकायला काढलीये तर येणारा प्रत्येकजण टॉर्च घेऊन येतोय.

टॉर्चचं वाचून मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

अहो पण मेहनतीला कुठे नावं ठेवली मी? ओटा हलत असेल, बेडची फळी करकरत असेल तर सुतार बोलावला की झालं. चासी, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, गंजली असेल तर सुतार काय करणार? मी स्वतः एकदा फसता फसता वाचलोय. आतून गाडी अशी की बघताक्षणी जीव जडावा, लाकडी छत, पिवळे दिवे, मसाल्याच्या बाटल्यांना इवलीशी रॅक. खाली वाकलो तर सगळीकडे वाळलेला चिखल आणि मागच्या चाकाजवळ तेवढाच काळा रंग, ताजा, चकचकीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं तर टणटण वाजायच्या ऐवजी भद्द वाजलं आणि पापुद्राच हातात आला. मालक म्हणे वरवरचं आहे ते. मग लपवलं कशाला?

आता तुमचं ते "फोर व्हील आहे, कायम फोरमध्येच चालवतो, काही होत नाही". तुमची सिस्टीम पार्ट टाइम आहे, म्हणजे गरज पडली तरच फोर व्हील लावायची, असं तुम्हीच लिहिलंय. फोर व्हील लावली की त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांना फिरवणारे शाफ्ट एकत्र लॉक होतात, मधे डिफरन्शियल (दोन्हीकडच्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं, आणि वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत चाक थोडं घसरतं आणि तो फरक निघून जातो, कोरड्या डांबरावर निघायला जागाच नाही, मग ताण सगळा ट्रान्सफर केस (इंजिनची ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरबॉक्स) आणि शाफ्टवर. हळू वेगात पूर्ण स्टीअरिंग कापलं की गाडी अडकल्यासारखी होते ना, ते हेच. त्यामुळे हे वाक्य जाहिरातीत टाकू नका बुवा, जाणकार माणूस तिथूनच परत जाईल. फुल टाइम, म्हणजे कायम चारही चाकांवर चालायलाच बनवलेल्या सिस्टीमची गोष्ट वेगळी, पण तिथेही पुढे नवे टायर आणि मागे झिजलेले असं चालत नाही, विशेषतः मधे व्हिस्कस कपलिंग (घट्ट द्रवातून ताकद पोचवणारा जोड) असेल तर.

बॅटरीबद्दल मात्र तुमचं बरोबर, माझं चुकलं. लेड अॅसिडची निम्मीच क्षमता वापरावी आणि लिथियम आयर्न फॉस्फेटची 80 टक्क्यांच्या वर सहज वापरता येते, हा फरक मी एका ओळीत उडवून लावला होता. फक्त शून्याखालच्या थंडीत लिथियमवाली चार्ज करायची नसते, आणि मेन फ्यूज बॅटरीला जितका जवळ तितका बरा, तो कुठे बसवलाय हे गिऱ्हाईक विचारणारच.

एक गोष्ट तुम्ही कुठेच लिहिली नाही, वजन. 100 लिटरची पाण्याची टाकी भरली की 100 किलो तिथेच वाढले, वर फर्निचर, बॅटऱ्या, सोलर, माणसं. टाकी भरून एकदा वजनकाट्यावर न्या आणि कंपनीने दिलेल्या कमाल वजनाशी ताडून बघा. आकडा मर्यादेत असेल तर पावतीचा फोटो जाहिरातीत टाका, घासाघीस निम्मी कमी होईल.

घरी बनवलेली गाडी म्हणजे धोका, हे माझं वाक्यही मागे घेतो. पॅनल लावायच्या आधीचे वायरिंगचे आणि इन्सुलेशनचे फोटो तुमच्याकडे आहेत म्हणता, मग ते अजून जाहिरातीत का नाहीत? ओट्याचे सात फोटो आहेत, ते दोन करा. आणि विकायच्या आधी खालून काळा रंग मारून घेणार असाल तर कृपा करून थांबा, नुसती पाण्याने धुवा.