न्यूपोर्टचं क्वेकर सभागृह: एक खुलासा

ऱ्होड आयलंडमधल्या न्यूपोर्टच्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थना-सभागृहाचा फोटो ‘अमेरिकेतलं सर्वांत जुनं, १६९९पासून जसंच्या तसं’ अशा ओळीसह फिरतोय. वर्ष बरोबर आहे, बाकी दोन्ही चुकीचं. मेरीलँडमधल्या ईस्टनचं थर्ड हेवन सभागृह १६८२ ते १६८४मध्ये बांधलं गेलं, म्हणजे न्यूपोर्टच्या आधी. न्यूपोर्टचं सभागृह ऱ्होड आयलंडमधलं सर्वांत जुनं टिकून असलेलं प्रार्थनास्थळ आहे, आणि हा मान काही कमी नाही.

‘जसंच्या तसं’ तर मुळीच नाही. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या क्वेकरांची वार्षिक सभा इथे भरायची. गर्दी वाढली तसं १७२९ आणि १८०७मध्ये बांधकाम वाढवलं. आज दिसतं ते १९७०च्या दशकातल्या जीर्णोद्धारानंतरचं, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीचं रूप: लाकडी, साधं, ना मनोरा ना क्रूस. फोटो पुढे पाठवताना ती ओळ तेवढी दुरुस्त करा.