मगर तीच, कठडा मधे

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी एक मजकूर ढकलला. निमित्त माझ्या भाच्याचं. त्याला जत्रेतल्या भूतबंगल्यात जायचं होतं. मजकूर तुमच्याकडेही फिरत आला असेल. त्याचं म्हणणं असं: घाबरण्याची आवड म्हणजे ॲड्रेनॅलिनचं व्यसन. जितकं जास्त घाबराल तितकी मजा, म्हणून माणूस घसरतच जातो. अशा लोकांना दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटत नाही. हे खूळ पश्चिमेकडून आलं. आणि पोराला धीट करायचं असेल तर एकदा अंधाऱ्या खोलीत कोंडा. खाली जोडलेल्या हातांची रांग.

काका, तुमचा मान राखून सांगते, यातलं एकही विधान धड उभं राहत नाही.

ॲड्रेनॅलिन खरं आहे. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी हे संप्रेरक सोडतात, छाती धडधडते, तळहात ओले होतात. पण मजा त्यातूनच येत असती, तर ऑगस्ट २०२४ मध्ये अख्ख्या बडोद्याने मजा लुटायला हवी होती. विश्वामित्रीचं पाणी वस्तीत शिरलं होतं आणि पाण्याबरोबर मगरीही. आम्ही रात्रभर टॉर्च मारून जिन्याच्या किती पायऱ्या बुडाल्या ते मोजत होतो. धडधड हवी तेवढी होती. गंमत कुणालाच वाटली नाही. एरवी मात्र आपण याच नदीच्या पुलावर कठड्याला रेलून, शेंगदाणे खात, ‘ती बघ, ती बघ’ करत उभे असतो. मगरीने जबडा उघडला की पोटात गोळा येतो आणि पोरं म्हणतात, अजून थोडं थांबू या. मगर तीच, संप्रेरक तेच. मधे कठडा आहे, एवढंच. मानसशास्त्रज्ञ मायकेल ॲप्टर या कठड्याला संरक्षक चौकट म्हणतात: धोका डोळ्यांसमोर हवा, पण चौकटीच्या पलीकडे. चौकट मोडली की त्याच धडधडीची दहशत होते.

धडधडीचं काम पुढेही चालू राहतं. मानसशास्त्राचे अभ्यासक डॉल्फ झिलमन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं की शरीराची उत्तेजना लगेच ओसरत नाही. प्रसंग टळला तरी ती उरते आणि मागून येणाऱ्या भावनेला चढते. म्हणून आकाशपाळण्यातून, म्हणजे आपल्या इथल्या चकडोळातून, उतरलेली माणसं साध्या बोलण्यावरही खिदळत सुटतात. त्या हसण्यात निम्मी तरी सुटका असते.

‘जितकं जास्त तितकी मजा’ हे तर मोजूनच खोटं ठरलं आहे. डेन्मार्कच्या ऑर्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी एका भूतबंगल्यात ११० माणसांना हृदयाचे ठोके मोजणारी यंत्रं लावून आत सोडलं. २०२० मध्ये निष्कर्ष आले. भीती अगदी कमी असेल तर कंटाळा, फार झाली तर नकोसं, आणि मजा मधल्या पट्ट्यात. म्हणजे चढतच जाणारा जिना नव्हे, मधे उंच असलेली टेकडी. हे कळायला बडोदेकराला डेन्मार्कला जायची गरज नाही म्हणा. सेवउसळ खाणारा वर आणखी तिखट तरी मागतो, नाक पुसत, डोळ्यांतून पाणी काढत खातो, पण तरीचं पातेलं तोंडाला लावत नाही. मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी मिरचीची आवड आणि भीतीची आवड एकाच जातीच्या मानल्या आहेत: शरीर ‘वाचवा’ म्हणून ओरडतं आणि मनाला ठाऊक असतं की काही होत नाहीये. आपण शरीराला फसवलं, याचीच मौज वाटते.

निर्दयपणाचा आरोप थोडक्यात. काही जुन्या अभ्यासांत तसा संबंध दिसला होता, हे मान्य. नव्या पाहण्यांत तो टिकला नाही. आणि साधा विचार करा: पडद्यावरची मुलगी माळ्याचा जिना चढायला लागली की ‘अगं, नको जाऊस’ असं तोंडून निघतं, ते ज्याला तिचं काहीच वाटत नाही त्याच्या तोंडून निघेल का?

पश्चिमेचं खूळ म्हणणाऱ्याने तर बडोद्यात राहून हे बोलू नये. भरतमुनींच्या आठ रसांत भयानक आहे, तोही शृंगार-वीरांच्या पंगतीला. आपल्या आज्यांनी विक्रमाच्या पाठीवरचं प्रेत बोलतं करून आपल्याला जेवू घातलं. आणि दुःख-भय वाचून आनंद का होतो, या प्रश्नाला न. चिं. केळकरांनी ‘सविकल्प समाधी’ हे उत्तर दिलं ते १९२१ साली, इथेच भरलेल्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून. दुसऱ्याच्या अनुभवात पुरतं शिरायचं, पण आपण आपण आहोत हे भान सोडायचं नाही. ॲप्टर यांची चौकट याहून फार वेगळी आहे, असं मला तरी वाटत नाही.

उरलं कोंडण्याचं. बाकीची विधानं नुसती चुकीची आहेत, हे घातक आहे. भूतबंगल्यात मूल आपल्या पायांनी जातं आणि नको झालं तर बाबांचं बोट ओढून बाहेर येतं. कोंडलेल्या खोलीची कडी बाहेरून असते. तिथे चौकटच नाही, तिथे पूर आहे. शिवाय ज्यांच्या भरवशावर घाबरायचं, त्यांनीच कडी लावलेली.

भाच्याला मी भूतबंगल्यात नेलं नाही, अजून लहान आहे. पण रात्री माडीवर गोष्ट सांगायला बसले. त्याने आधी अंथरूण सरकवून दिव्याच्या बटणाखाली घेतलं, बोट बटणावर ठेवलं आणि मला म्हणाला, “हं, आता दिवा घालवतो. कर सुरू.” विहिरीपाशी पैंजण वाजले तेव्हा त्याने फट्‌कन दिवा लावला. माझ्याकडे बघितलं, खोलीभर बघितलं. मग स्वतःच घालवला.

“पुढे?”